पाच टायगर बार्ब आणि त्यांतला एक शिरजोर: थव्यातली मारामारी कशी आवरावी?

प्रश्न : संथपाणी

माझ्याकडे ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तळाचा वाळूचा थर आणि वरची मोकळी जागा वगळली तर तिच्यात साधारण १०० लिटर पाणी राहते. आठ महिन्यांपूर्वी मी तिच्यात सहा टायगर बार्ब (थव्याने राहणारे, काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे) आणि एक पर्ल गोरामी सोडला. पहिले तीन-चार महिने सगळे मासे एकत्र फिरत असत आणि अधूनमधून होणारी पळापळ मला खेळ वाटत असे. त्यानंतर एक बार्ब कोणतेही बाह्य कारण न दिसता मेला आणि उरलेल्या पाचांचे वागणे हळूहळू बदलत गेले.

आता त्यांतला आकाराने सर्वांत मोठा मासा टाकीचा मधला सगळा भाग स्वतःचा असल्यासारखा वागतो. इतर तिघांना तो थोडे हुसकावून सोडून देतो, परंतु सर्वांत लहान माशाच्या मागे तो दिवसभर लागलेला असतो. त्या लहान माशाची शेपटी जवळजवळ अर्धी उरली आहे, त्याच्या अंगावरचे काळे पट्टे फिकट पडले आहेत आणि तो बहुतेक वेळ हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात तिरका उभा असतो. खाद्य टाकल्यावर तो पुढे येतो, पण दोन घासांच्या आत पुन्हा पळवला जातो. गोरामीच्या पोटाखालचे लांब तंतूही कुरतडले गेले आहेत.

गेल्या महिन्यात मी शिरजोर माशाला दहा दिवस वेगळे ठेवून पाहिले. पहिले दोन दिवस शांततेत गेले आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रमांकाच्या माशाने तेच काम हाती घेतले. आता त्या माशाला कायमचा काढावा, मार खाणाऱ्याला काढावा, की बार्बच देऊन टाकून दुसऱ्या शांत जातीकडे वळावे, हे मला ठरवता येत नाही. थव्याने राहणारे मासे एकमेकांशी असे का वागतात, हेही समजून घ्यायला आवडेल.

उत्तर : पाणवेल

सर्वप्रथम जखमी माशाला आजच वेगळे करा. बाकीचा विचार सावकाश करता येईल. वेगळी टाकी नसेल तर झाकण असलेले स्वच्छ भांडे चालेल, मात्र त्यात पाणी मुख्य टाकीतलेच घ्या आणि हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा) किंवा छोटा स्पंज फिल्टर लावा. मुख्य टाकीतच जाळीची पेटी लटकवून त्यात ठेवण्याचा मोह होतो, परंतु त्यात शिरजोर मासा जाळीबाहेर घिरट्या घालत राहतो आणि आतल्या माशाचा जीव शांत होत नाही. पराचा पातळ पडदा फाटला असेल आणि मूळ शाबूत असेल, तर स्वच्छ पाण्यात तो काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. कडेला कापसासारखा पांढरा थर आला किंवा मुळाशी लाली पसरू लागली, तरच संसर्ग समजून औषधाकडे वळावे. तोपर्यंत रोज थोडे पाणी बदलणे हेच औषध आहे.

आता कारणाविषयी. आपण 'थव्याचे मासे' म्हणतो तेव्हा मनात शांत, एकदिलाने पोहणाऱ्या जिवांचे चित्र उभे राहते, आणि गैरसमजाची सुरुवात बहुधा तिथेच होते. हे मासे एकत्र राहतात ते शत्रूपासून बचाव व्हावा आणि अन्न लवकर सापडावे म्हणून. त्यांच्यात आपसांत स्पर्धा नसते असा त्याचा अर्थ होत नाही. टायगर बार्बांमध्ये तर मानाची स्पष्ट उतरंड असते आणि कोण कोणाच्या वर, हे ते रोज थोडेथोडे तपासून पाहत असतात. ओढ्यात हरलेला मासा दोन हात दूर जातो आणि प्रकरण मिटते. टाकीत मात्र पळून जाण्याची जागा चार काचांच्या आतच असल्यामुळे हरलेला मासा जिंकलेल्याच्या नजरेसमोरच राहतो, आणि जिंकलेल्याला तो अजून माघार घेत नाही असेच वाटत राहते.

त्यात माशांच्या बाबतीत एक गोष्ट चांगली ठाऊक आहे: एकदा हरलेला मासा पुढच्या झुंजीतही हरण्याची शक्यता वाढते आणि जिंकलेला अधिक धीट होतो. म्हणून मार खाणे हळूहळू एकाच माशाच्या वाट्याला येते. शिवाय फाटलेला पर आणि बिचकलेली हालचाल ही दोन्ही चावा घेणाऱ्याला आमंत्रणेच असतात.

तुम्ही शिरजोराला काढल्यावर दुसरा पुढे आला, यात नवल नाही. उतरंडीतली सर्वांत वरची जागा रिकामी राहत नाही. पाच माशांच्या गटात वरच्याला हुसकावायला चारच जण असतात आणि त्यांतले तीन जरा दांडगे असले की सगळा भार चौथ्यावर येतो. हाच गट दहा-बारा माशांचा असता, तर त्याच माशाचा तेवढाच आवेश अनेकांत वाटला गेला असता. एकाच्या मागे लागताना मध्ये दुसरा आडवा आला की लक्ष विचलित होते आणि पाठलाग अर्ध्यावर सुटतो. संख्या वाढल्याने भांडणे थांबत नाहीत, ती विखुरतात, आणि विखुरलेली भांडणे या माशांना सोसतात.

माझे मत असे की शेवटी गट दहाच्या आसपास न्यावा. पण त्याआधी गोरामीला दुसरे घर शोधा. संथ पोहणारा आणि लांब तंतू असलेला मासा टायगर बार्बांसोबत ठेवणे ही मुळातलीच चूक आहे. हेच एंजेल, फायटर आणि लांब शेपटीच्या गप्पींनाही लागू पडते. बार्बांची संख्या पुरेशी असली तर ते इतरांना कमी त्रास देतात हे खरे आहे, तरी त्या भरवशावर गोरामीला तिथे ठेवू नये.

उत्तर : काचभिंत

पाणवेल यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु 'आणखी मासे आणा' हा सल्ला इतक्या लवकर देऊ नये असे मला वाटते. अनेकजण हा सल्ला वाचून त्याच संध्याकाळी आठ मासे आणतात, ते थेट टाकीत सोडतात आणि पुढच्या आठवड्यात वेगळ्याच संकटात सापडतात.

प्रश्नकर्त्यांनी पाण्याविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. एक मासा कारण न कळता मेला आणि त्यानंतर वागणे बिघडले, हा क्रम मला खटकतो. अमोनिया किंवा नायट्राइट (माशांच्या विष्ठेपासून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्ये) किंचित जरी वाढले तरी कल्ल्यांना त्रास होतो, मासे अस्वस्थ होतात आणि दुबळा मासा सर्वांच्या आधी ओळखू येतो. पाण्याचे तापमान अधिक असेल तर माशांची हालचाल आणि भूक दोन्ही वाढतात, त्याच वेळी पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. टायगर बार्बांना २२ ते २६ अंश पुरतात. हीटर सवयीने २८ वर लावलेला असतो आणि कोणी त्याकडे पाहत नाही. म्हणून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट (त्यांपासूनच शेवटी उरणारे, कमी घातक द्रव्य) आणि तापमान हे चार आकडे आधी सांगावेत, ही विनंती.

दुसरा मुद्दा नर-मादीचा. पूर्ण वाढलेल्या नराच्या तोंडाचे टोक लालभडक असते आणि पाठीवरच्या पराची लाल कडही अधिक उठून दिसते. मादी पोटाने गोलसर आणि रंगाने थोडी मंद असते. पाचांपैकी चार नर असतील तर भांडणाचे अर्धे कारण तिथेच सापडले म्हणा.

तिसरी गोष्ट जागेची. ३ फूट लांबीच्या टाकीत दहा टायगर बार्ब राहू शकतात, कारण पूर्ण वाढलेला मासा साधारण ६ ते ७ सेंटिमीटरचा होतो आणि त्याला पोहायला लांबी पुरेशी आहे. पण दोन फुटी टाकी असलेल्या कोणी हा धागा वाचत असेल, तर त्यांनी हा उपाय जसाच्या तसा उचलू नये. तितक्या जागेत सहा बार्ब भांडतात म्हणून बारा केले तर पाणी आधी हार मानते. तिथे जात बदलणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

उत्तर : तळाची वाळू

दोन्ही उत्तरांत टाकीच्या मांडणीचा उल्लेख राहून गेला आहे, म्हणून माझी एक जुनी चूक सांगतो. मासे नीट दिसावेत या हौसेने मी एकदा मधली सगळी झाडे आणि लाकूड काढून टाकी मोकळी केली होती. मला वाटले, पोहायला जागा वाढली म्हणजे मासे खूश होतील. झाले उलटे. एका टोकाला असलेल्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा सतत दिसू लागला आणि पूर्वी एक हात अंतरावर संपणारा पाठलाग आता टाकीची पूर्ण लांबी कापू लागला. आठवडाभरात दोन माशांच्या शेपट्यांना खाचा पडल्या.

तेव्हापासून मी टाकीत मध्यभागापासून थोडे बाजूला एक उंच लाकूड आणि त्याच्या दोन्ही अंगांना व्हॅलिस्नेरिया या लांब, पट्टीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीच्या दाट रांगा ठेवतो. समोरचा भाग पोहण्यासाठी मोकळा राहतो, पण वळण घेतले की मासा नजरेआड होतो. जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियास लाकडाला बांधता येतात आणि बार्ब त्यांची कडक पाने सहसा खात नाहीत. आडोशाला दोन वाटा असाव्यात, हे मात्र लक्षात ठेवा. एकाच तोंडाच्या मडक्यात शिरलेला मासा कोंडीत सापडतो. तुमचा लहान मासा हीटरमागे जातो याचा अर्थ त्याला टाकीत दुसरा आडोसाच नाही.

खाद्य टाकण्याची पद्धतही पाहा. एकाच कोपऱ्यात रोज चिमूटभर खाद्य पडत असेल, तर ती जागा राखणे एका माशाला सहज जमते आणि राखण्यासारखे काही मिळाले की तो राखतोच. तेच खाद्य दोन्ही टोकांना आणि मध्ये असे एकाच वेळी विखरून टाकले, तर राखण करणे परवडत नाही आणि दुबळ्यांनाही घास मिळतो. दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा दोनदा थोडे द्यावे.

जाता जाता आणखी एक. खोलीत अंधार आणि टाकीत प्रखर दिवा असेल तर काचेत माशाला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते आणि काही नर त्याच्याशी झुंजत राहतात. बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावला की तो प्रकार थांबतो.

प्रश्नकर्त्यांचा प्रतिसाद : संथपाणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जखमी मासा तीन दिवसांपासून वेगळ्या भांड्यात आहे, खाऊ लागला आहे आणि त्याचे पट्टे पुन्हा गडद झाले आहेत. गोरामी ओळखीच्या एका मत्स्यपालकाच्या शांत टाकीत गेला.

काचभिंत यांनी मागितलेले आकडे असे आहेत: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग), तापमान २८ अंश. तापमानाचा अंदाज आपण अचूक बांधलात. हीटर आणला त्या दिवसापासून मी त्याच्या आकड्याला हात लावलेला नाही. लाल तोंडांवरून पाहता चार नर आणि एक मादी दिसते, आणि मार खाणारा मासा नरच आहे. टाकीत एक शोभेचा दगड आणि एका कोपऱ्यात झाडांचा एक पुंजका, एवढीच मांडणी आहे.

आता दोन शंका उरतात. नवीन मासे आणताना हिरव्या रंगाचे 'मॉस' बार्ब घेतले तर ते या थव्यात मिसळतील का? आणि नवे मासे सोडताना शिरजोराचे काय करावे?

उत्तर : पाणवेल

हिरवे आणि पांढुरके अल्बिनो हे दोन्ही प्रकार टायगर बार्बच्याच जातीतून निवडीने तयार झालेले आहेत, त्यामुळे ते पट्टेवाल्यांसोबत एकाच थव्यात राहतात. वेगळ्या जातीचे बार्ब आणून संख्या भरून काढण्याचा प्रयत्न मात्र करू नका. तीन चेरी, तीन टायगर आणि तीन रोझी मिळून नऊचा थवा होत नाही. ते तीन अपुरे गटच राहतात, आणि चेरीसारख्या मवाळ माशांचे त्यात हाल होतात.

काचभिंत यांचा पाण्याविषयीचा आग्रह योग्य होता, हे मला मान्य आहे. तो मुद्दा मी आधीच मांडायला हवा होता. तापमान रोज एका अंशाहून अधिक न उतरवता २५ वर आणा. नायट्रेट ४० वरून २० च्या आसपास येईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी चतुर्थांश पाणी बदला. अमोनिया शून्य आहे म्हणजे फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू आजच्या माशांपुरते पुरेसे आहेत. संख्या दुप्पट झाल्यावर त्यांना वाढायला काही दिवस लागतील, म्हणून पहिले दोन आठवडे खाद्य हात राखून द्या आणि अमोनिया एक दिवसाआड तपासा. फिल्टरचा स्पंज या काळात धुऊ नका. धुवावाच लागला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

नवे मासे पाच किंवा सहा घ्या, शक्य असेल तर त्यांत माद्या अधिक निवडा, आणि त्यांना तीन आठवडे वेगळे ठेवा. या काळात रोग असेल तर बाहेर पडतो, शिवाय ते आपसांत गट जमवतात आणि आकारानेही थोडे वाढतात. दोन सेंटिमीटरची पिल्ले सहा सेंटिमीटरच्या माशांत सोडणे म्हणजे पाठलागासाठी नवी शिकार पुरवणे होय. तुमचा बरा झालेला मासा याच नव्या गटात ठेवता आला तर उत्तम, कारण तिथे त्याला कोणी हरवलेले नसते आणि तो थोडी पत कमावूनच परत येतो.

सोडण्याच्या दिवशी शिरजोराला आधी बाहेर काढा. मग दगड, लाकूड, झाडे यांची सगळी मांडणी बदला, म्हणजे 'ही जागा माझी' असे कोणालाच म्हणता येणार नाही. दिवा बंद ठेवून सर्व नवे मासे एकाच वेळी सोडा. दोन-दोन करून सोडले तर प्रत्येक जोडीला नवा मार बसतो. शिरजोराला आठवडाभराने आणा. तोवर इतरांची उतरंड बसलेली असेल आणि तो उपरा म्हणून येईल. तुम्ही मागच्या वेळी त्याला दहा दिवस वेगळे केले तेव्हा बाकीचे सगळे होते तसेच होते, म्हणून तो प्रयोग फसला.

उत्तर : शेवाळलेला दगड

वरील सल्ला टायगर बार्बांपुरता योग्य आहे, परंतु तो प्रत्येक थव्याच्या माशाला लागू पडेल असे गृहीत धरू नये. मी सर्पे टेट्रा बारा ठेवले, झाडे दाट लावली, पाणी काटेकोर सांभाळले, तरीही खाद्याच्या वेळी एकमेकांचे पर कुरतडणे थांबले नाही. कोणी मेले नाही आणि जखमाही भरत गेल्या, म्हणून मी त्यांच्यासोबत दुसरी कोणतीही जात ठेवायची नाही एवढाच नियम केला आणि उरलेले मान्य केले. उलट झेब्रा डॅनियोंची पळापळ पाहून नवखे लोक घाबरतात, पण तिच्यात क्वचितच कोणाला इजा होते. पाठलाग किती वेळा झाला हे मोजण्यापेक्षा पर शाबूत आहेत का, रंग उतरला आहे का आणि प्रत्येक मासा खातो का, या तीन गोष्टी रोज पाहाव्यात.

प्रश्नकर्त्यांचा प्रतिसाद : संथपाणी (नऊ आठवड्यांनंतर)

उशिरा लिहीत आहे, पण सर्व टप्पे पूर्ण झाल्यावरच लिहायचे ठरवले होते. आता टाकीत अकरा मासे आहेत: जुने पाच आणि नवे सहा, त्यांपैकी तीन हिरवे. मधोमध एक फांदीदार लाकूड आणि मागे व्हॅलिस्नेरियाची रांग आहे. पहिल्या आठवड्यात अमोनिया एकदा ०.२५ पर्यंत गेला, तेव्हा सलग दोन दिवस पाणी बदलले आणि तो पुन्हा शून्यावर आला.

शिरजोर मासा परत आल्यावर पहिले दोन दिवस त्याने दरारा बसवण्याचा बराच प्रयत्न केला. तो एकाच्या मागे धावे, मध्ये दुसरा येई, आणि लाकडाला वळसा घालेपर्यंत आपण कोणाच्या मागे होतो हेच तो विसरल्यासारखा दिसे. वर तोच आहे, हे इतर मासे बाजूला होतात त्यावरून अजूनही कळते. मात्र कोणाचाही पर फाटलेला नाही. जखमी माशाची शेपटी पूर्ण आली आहे. नवा भाग अजून जरा पारदर्शक दिसतो. तो आता हीटरमागे जात नाही.

एकच नवी गोष्ट विचारायची आहे. गेले चार दिवस सकाळी दिवा लागल्यावर दोन नर एका गोल पोटाच्या मादीला झाडांच्या रांगेत रेटत नेतात, तिच्या अंगाला अंग घासतात आणि तासाभराने सगळे शांत होते. हीही मारामारीच आहे का?

उत्तर : काचभिंत

नाही, हे विणीचे वर्तन आहे. टायगर बार्ब झाडांमध्ये अंडी विखरून टाकतात आणि नंतर स्वतःच ती शोधून खातात, त्यामुळे आपल्याला बहुधा काहीच सापडत नाही. तुम्हाला करण्यासारखे काही नाही, फक्त मादीला दम घेण्यापुरता झाडांचा आडोसा दाट राहू द्या आणि ती दिवसभर पळवली जात नाही ना, एवढे पाहा. पिल्ले हवी असतील तर एक जोडी संध्याकाळी वेगळ्या टाकीत ठेवावी, तळाशी गोट्यांचा थर किंवा जाळी अंथरावी, म्हणजे अंडी खाली निसटतात आणि आईबापांच्या तोंडी लागत नाहीत. अंडी पडल्यावर जोडी लगेच मुख्य टाकीत परत आणावी. मुख्य टाकीत परत सोडताना दिवा बंद ठेवायला विसरू नका.